कूलर कुठं ठेवायचा?

इंजिनिअरिंगच्या पेपरवर सगळ्यात वर सूचना छापलेल्या असतात, त्यात एक हमखास असते, गरज पडेल तिथं योग्य तो डेटा गृहीत धरा. अझ्युम सुटेबल डेटा. नागपूरपासून शेगावपर्यंत कुठल्याही कॉलेजातल्या पोट्ट्याला झोपेतून उठवून विचारा, तो तोंडपाठ म्हणून दाखवेल. आता ही सूचना तशी वाईट नाही, पेपर काढणाऱ्याकडून काँक्रीटची ग्रेड लिहायची राहून गेली तर पोरानं एम ट्वेंटी, म्हणजे घरासाठीचं नेहमीचं काँक्रीट, धरून पुढं जावं, तीन तास रडत बसू नये, एवढाच तिचा हेतू. पण चार वर्षं, आठ सेमिस्टर, पेपरामागून पेपर हेच वाचलं की डेटा ही गृहीतच धरायची गोष्ट असते, उठून जाऊन आणायची नसते, हे हाडात मुरतं. मी काही बाहेरून दगड मारून नाही राहिलो, मी स्वतः सिव्हिलचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सिव्हिलच शिकवतो, आणि पेपर काढताना ही सूचना दरवेळी स्वतःच्याच हातानं टाईप करतो.

माझी भाची नागपूरला आर्किटेक्चर करते. पाच वर्षांचा कोर्स, आमच्याहून एक वर्ष जास्त, त्यामुळं तिच्या बापाचा ॲडमिशनपासून एकच प्रश्न, "घरच बांधाचं हाय ना, मंग एक वर्ष जास्त कायले लागते?" उन्हाळ्यात ती आमच्याकडं आली तेव्हा सोबत शीटचा रोल होता. प्रोजेक्ट होता ग्रामीण घराचा. दिवाणावर शीट पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि समजावून सांगायला लागली. सेक्शन, म्हणजे घर मधोमध उभं कापल्यावर दिसेल तसं चित्र, सुंदर काढलेला, माणसं, झाड, झाडाखाली बकरी, आणि घरातून आरपार जाणारे निळे बाण. क्रॉस व्हेंटिलेशन. दक्षिण-पश्चिमेकडून वारा आत, उत्तरेकडून बाहेर.

मी विचारलं, "बेटा, मे महिन्यात दुपारी दोन वाजता ही खिडकी कोण उघडणार?"

"मामा, हवा नको का घरात?"

"ती हवा नाही, झळ आहे. सकाळी नऊलाच आपण दारं-खिडक्या लावून घेतो. आणि कूलर कुठं ठेवला तू?"

ती एक क्षण शीटकडं बघत राहिली, मग म्हणाली, "तुमच्या सिव्हिलच्या प्लॅनमध्ये असतो का हो कूलर?"

नसतो. आमच्या बिल्डिंग ड्रॉइंगमध्ये दारांचं शेड्यूल असतं, खिडक्यांचं असतं, व्हेंटिलेटर कितीचा ते असतं, कूलर नसतो. म्हणजे ज्या भागात पारा ४५ च्या वर जातो, जिथं एप्रिल लागला की लोखंडी कूलर माळ्यावरून उतरतात आणि बाजारात कूलरला लावायच्या नवीन ताट्या घ्यायला गर्दी होते, तिथं घर शिकवणाऱ्या दोन्ही कोर्समध्ये कूलरचा पत्ता नाही. ही गोष्ट मला वाटली त्यापेक्षा मोठी निघाली.

कारण कूलर ही फक्त ठेवायची वस्तू नाही ना. तो खिडकीत बसवला की खिडकी गेली, उजेड गेला, आणि दिवाळीपर्यंत तो काही तिथून हलत नाही, वर पोतं टाकून तसाच राहतो, म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष त्या घराला ती खिडकी नाहीच. दारात ठेवला तर माणसांनी जायचं कुठून. पश्चिमेच्या भिंतीला बाहेर स्टँडवर ठेवला तर त्याच्या टाकीतलं पाणीच तापतं. आणि समोरच्या बाजूनं हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोलीचं दमट कोठार होतं, चादर ओली लागते, माणूस घामानं चिप्प होतो आणि म्हणतो कूलर खराब झाला. आता हेच मेकॅनिकलच्या पोराला पेपरात विचारा, बाहेरची हवा ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के, वेट बल्ब काढ, म्हणजे पाण्यावरून गेलेली ही हवा जास्तीत जास्त किती गार होईल ते. सायक्रोमेट्रिक चार्टवर पट्टी ठेवून तो दोन मिनिटांत २४ च्या आसपास आणून देईल, का कूलर मेमध्ये चालतो आणि जूनच्या शेवटी हवेत पाणी आलं की का चालत नाही हे लिहूनही देईल, पैकीच्या पैकी मार्क. आणि तोच पोरगा होस्टेलच्या टिनाच्या खोलीत दाराच्या तोंडाशी कूलर अडकवून, मागची झरोका-खिडकी पेपर लावून बंद करून घामेघूम झोपलेला असतो. हीट ट्रान्सफरच्या पेपरात त्यानं तीन थरांच्या भिंतीतून किती उष्णता जाते ते काढलेलं असतं, डोक्यावरच्या टिनाचं कधी काढलेलं नसतं, कारण ते कुणी विचारलंच नाही.

आणि तो कूलर भरतं कोण, पाणी किती लांबून येतं, दिवसाला किती बादल्या लागतात, हे मात्र त्या चार्टमध्ये नाही. ते आर्किटेक्चरवाल्यांनी विचारायला पाहिजे, त्यांना तेच तर शिकवतात, जागा कोण वापरतं, कधी वापरतं, कशी वापरतं. थोडक्यात सांगायचं तर हा एक कूलर नीट बसवायला दोन्ही शाळा लागतात आणि आज त्या एकमेकींच्या दारात उभ्या राहत नाहीत.

यावर आमच्या स्टाफरूममध्ये जे उत्तर येतं तेही सांगतो. अहो, त्यांना स्ट्रक्चर्सचे पेपर आहेत, आपल्याला बिल्डिंग प्लॅनिंगचा पेपर आहे, एकमेकांचं शिकतोच की. खरंय, विषय आहेत. नागपूरच्या व्हीएनआयटीत तर सिव्हिल आणि आर्किटेक्चर एकाच कॅम्पसवर आहेत. पण मला वाटतं घ्यायची गोष्ट विषय नाहीच. घ्यायची गोष्ट म्हणजे पोराला प्रश्न कसा विचारतात आणि त्याच्या चुकीचं पुढं काय करतात, ती पद्धत.

एकदा एका आर्किटेक्चर कॉलेजनं मला स्ट्रक्चरचा माणूस म्हणून ज्युरीला, म्हणजे पोरांची डिझाईन तपासायला, बोलावलं होतं. आमच्याकडचा वायवा म्हणजे काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे. पोरं रोल नंबरनं बाहेर उभी, हातात सबमिशनची फाईल, आतून बाहेर आलेल्याला घेरून "काय विचारलं बे?" आणि आत एक्स्टर्नल सर चहा पीत पीत, स्लंप म्हणजे काय, वर्केबिलिटी म्हणजे काय, जा, पुढचा. ज्युरीत मात्र पोरीनं सगळ्या शीट सॉफ्टबोर्डवर टाचलेल्या, खाली टेबलावर मॉडेल, आणि मागं अख्खा वर्ग बसलेला. कुणी तिला व्याख्या विचारली नाही. एका ज्युरीनं सरळ विचारलं, ही ओसरी रस्त्याकडं का, अंगणाकडं का नाही? तिनं सांगितलं. मग दुसऱ्यानं बटर पेपरचा तुकडा फाडला, तिच्या प्लॅनवर ठेवला आणि लाल पेननं जिना फिरवून दाखवला, असा घेतला असता तर? ती म्हणाली, सर, मग पावसाचं पाणी जिन्यावर येतं. यावर पाच मिनिटं वाद, ती शेवटपर्यंत हटली नाही आणि ते सर हसले, म्हणाले ठीक आहे. आणि मुख्य म्हणजे ही शेवटची परीक्षा नव्हती, ही मधली ज्युरी, इथून जाऊन तिला तेच डिझाईन पुन्हा करून आणायचं होतं.

तेच डिझाईन पुन्हा. आमच्याकडं हे होतच नाही हो. पोरानं बीम चुकवला, त्याला १४ पैकी ५ मिळाले, विषय संपला, तो बीम तसाच चुकलेला राहिला, आणि पुढच्या वर्षी तो दुसराच बीम चुकवायला मोकळा. त्याची चूक वर्गातल्या बाकीच्यांनी पाहिली नाही, त्यानंही नीट पाहिली नाही. सॉफ्टबोर्डवर टाचलेली चूक मात्र चाळीस जणांची होते. माझ्या हातात असतं तर स्ट्रक्चरल डिझाईनचा निम्मा पेपर मी भिंतीवर टाचून घेतला असता.

पण त्या ज्युरीतलं सगळंच उचलण्यासारखं नाही. तीन-तीन रात्री जागून शीट काढणं हे त्या लोकांनी काहीतरी व्रत करून ठेवलंय, डोळे लाल झाल्याशिवाय काम केलंच नाही असं समजतात, हा निव्वळ फालतूपणा. मार्क बऱ्याचदा ज्युरीच्या आवडीवर जातात हेही आहेच. आणि खर्च. मॉडेलचं सामान, प्लॉटर प्रिंट, जाडे पेपर, दर सबमिशनला पैसा. शेतकऱ्याच्या घरातलं पोरगं इंजिनिअरिंगला कसंबसं निभावून नेतं, तिथं त्याची दमछाक होते, म्हणून गावाकडच्या घराबद्दल ज्याला उपजत माहिती आहे असं पोरगं त्या वर्गात कमीच सापडतं. हे त्या शिक्षणाचंच नुकसान.

आता उलट बाजू. त्याच ज्युरीत पुढच्या मुलाचं मॉडेल पांढऱ्या फोमबोर्डचं, झकास दिसत होतं. वरच्या मजल्यावरची एक लांब भिंत खालच्या मोकळ्या हॉलच्या बरोब्बर मधोमध आलेली. मी विचारलं, या भिंतीचं वजन कुठं जातं? म्हणाला, खाली बीम आहे सर. बीम कुणावर? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "ते स्ट्रक्चरल इंजिनिअर बघेल सर."

आमच्या पोरांचंही असंच एक वाक्य आहे, "आर्किटेक्टनं तसंच दिलंय." या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत काय काय पडतं त्याचं एक उदाहरण मी दर बॅचला सांगतो. अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, १७ जुलै १९८१, हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीत छताला टांगलेले दोन पूल, एकाखाली एक. मूळ डिटेलमध्ये एकच लांब सळई छतापासून खालपर्यंत, दोन्ही पूल तिच्यावर अडकवलेले. ते बनवायला अवघड, म्हणून मध्येच बदल झाला, वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. कागदावर बघितलं तर फरक काहीच नाही. पण विहिरीत दोघं जण एकाच दोराला धरून लोंबकळणं वेगळं, आणि दुसऱ्यानं दोर सोडून पहिल्याचे पाय धरणं वेगळं, पहिल्याच्या हातावर आता दोघांचं वजन. वरच्या पुलाच्या जोडावर भार दुप्पट झाला, मूळचा डिटेलही नियमापेक्षा कमजोरच होता, आणि बदललेला कुणी पुन्हा मोजला नाही. ११४ माणसं गेली. चूक इंजिनिअरांचीच धरली गेली, ती बरोबरच. पण मला त्यात दिसतं ते हे की जोड हा प्रकार कुणाच्याच मनात डिझाईन म्हणून नव्हता, तो नुसता तपशील होता, एकाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचा.

म्हणून आर्किटेक्चरच्या पोरांना माझी एकच विनंती, लॅबमध्ये या आणि एक क्यूब, काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, फोडा. स्वतः खडी-रेती-सिमेंट मोजून घ्या, फावड्यानं मिसळा, हाताला फोड येऊ द्या, १५० मिलीमीटरच्या साच्यात भरा, २८ दिवस पाण्यात ठेवा. मग तो दाबायच्या मशीनमध्ये ठेवायचा आणि काटा बघत बसायचं. एम ट्वेंटी असेल तर ४५० किलोन्यूटन निदान सोसला पाहिजे, म्हणजे जवळपास ४५ टन, एवढ्याशा ठोकळ्यावर. आधी काहीच होत नाही. मग बाजूनं केसासारखी बारीक रेघ येते, कोपऱ्यातून पापुद्रा सुटतो, काटा अडखळतो आणि एकदम धप्प. भाचीला मी हे दाखवलं तेव्हा ती दचकून मागं सरकली आणि तिचा पहिला प्रश्न होता, "मामा, हा बाजूनं का फुटला, वरून तर दाबत होतो?" चार वर्षांत माझ्या एकाही पोरानं मला हे विचारलेलं नाही, ते सगळे काट्यावरचा आकडा उतरवून घेतात आणि जर्नल लिहितात.

आमच्या भागात तर दोघांना एकत्र बसवायला जमीनच पुरेशी आहे. काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा अशा पडतात की हात जाईल. त्यावर नीट पायवा न घेता घर उभं केलं की भिंत तिरपी फाटणारच, खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी ती भेग गावोगाव दिसते. इंजिनिअरिंगनं यावर भरपूर काम केलंय, रुरकीच्या सीबीआरआयनं, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं, खाली कांद्यासारखे फुगीर पाईल, जमिनीत खोल जाणारे खांब, काढले, आयआयटी मुंबईच्या डॉ. कट्टींनी न फुगणाऱ्या मातीचा थर मध्ये द्यायची पद्धत दिली, आणि काहीच नाही तर मुरूम लागेपर्यंत खोदा हे तर मिस्त्रीलाही माहीत आहे. पण गावातला एक म्हातारा मिस्त्री मला काय म्हणाला बघा. आम्ही एका फाटलेल्या घराच्या मागं उभे होतो, सांदवाडीत. तो म्हणाला, "सर, पायवा चांगलाच हाय, म्याच भरला. पन बाई भांडे घासते अथीसा, पानी भितीच्या बुडाशी जिरते. इकडची जमीन फुगते, तिकडची कोरडीच. मंग भित फाटन नाही तं काय करन?"

आता सांगा ही भेग कुणाची. फुगण्याचं गणित सिव्हिलचं. पण भांडी घासायची जागा प्लॅनमध्ये दाखवलीच नाही, बाईनं आपली आपण शोधली, ते आर्किटेक्चरचं. मागं दोन-तीन फुटांचा फरशीचा पट्टा आणि नालीला उतार एवढं केलं असतं तरी काम झालं असतं.

घरकुलाचं बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा, म्हणजे २७० फुटांच्या आत, सपाट भागात १ लाख २० हजाराचं अनुदान, वर रोजगार हमीची मजुरी आणि संडासाचे १२ हजार. हप्ता आला की पायवा, फोटो, हप्ता आला की लिंटल, फोटो. पैसा कमी आहे हे सगळेच म्हणतात, ते आहेच. पण कापूस कुठं ठेवायचा? आमच्याकडं भाव येत नाही तोवर कापूस घरातच असतो, अर्धी खोली छतापर्यंत पांढरी, आणि माणसं छपरीत झोपतात. कुटार कुठं? बैल कुठं? सोयाबीन निघालं की कट्टे कुठं? तर स्लॅबवर किंवा माळ्यावर. आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणं, म्हणजे आमच्या कोडप्रमाणं, राहत्या घराच्या स्लॅबला आम्ही चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार धरतो, म्हणजे साधारण २०० किलो. पन्नास किलोचे कट्टे तीन थरांत रचले की हिशेब कधीच वर गेला. कोडमधला आकडा चुकीचा नाही, तो माणसं राहतात अशा घरासाठी आहे. इथं घरात पीकही राहतं. माझ्या पोरांना २ हा आकडा पाठ आहे, त्यातल्या निम्म्यांच्या स्वतःच्या घरी माळ्यावर सोयाबीन आहे, आणि या दोन गोष्टींची डोक्यात कधी गाठच पडलेली नाही. आर्किटेक्चरमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाला मेजर्ड ड्रॉइंग करायला लावतात, एखादं जुनं घर टेप घेऊन इंच न् इंच मोजायचं आणि जसंच्या तसं काढायचं. हा अभ्यास सिव्हिलला सक्तीचा करा, आणि जुना वाडा कशाला, स्वतःचंच घर मोजा. कट्ट्यांसकट.

खारपाण पट्ट्यात तर अजून मजा. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, पूर्णेच्या दोन्ही अंगांचं भूजल खारट. आयएस ४५६ सांगतं सळईच्या काँक्रीटला वापरायच्या पाण्यात क्लोराईड लिटरमागे ५०० मिलीग्रॅमच्या वर नको, नाहीतर आतली सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीटचं कव्हर फोडून बाहेर येते. पोरं हे लिहितात. पण बोअरचं पाणी बाटलीत भरून लॅबला आणणारा पोरगा मला अजून भेटायचाय.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल हा माणूस जुन्या मातीच्या घरांच्या प्रेमात पडलाय. आर्किटेक्चरवाल्यांमध्ये ती साथ आहेच, सेवाग्रामला सहल गेली की परत येताना सगळे मातीच्या भिंतींवर भाळलेले. आणि बापूकुटी आहेच तशी, कवेलू, बांबू, मातीच्या भिंती, खाली उतरलेलं छप्पर, भर उन्हात आत गेलं की जीव गार होतो. गांधीजी १९३६ ला तिथं राहायला आले. आदर्श गावातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं, ही त्यांची गोष्ट आर्किटेक्ट लॉरी बेकरनं आयुष्यभर धरून ठेवली. पण ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाटही आपल्याच राज्यातली. दीड-दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आडवे लांब दगड नाहीत, वर धाब्याचं मणा-मणाचं मातीचं ओझं. ती घरं उन्हाळ्यात गार होती, हजारो माणसं त्यांच्याखालीच गाडली गेली. प्रेमात पडायचं तर भार कुठून जातो ते समजून पडा.

मग तिथं नवी गावं उभी राहिली, भूकंपाला टिकतील अशी, सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, ओळीनं घरं. आणि लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या, गाव फार पसरलं, शेजार तुटला, गुरांना जागा नाही, घर तापतं. म्हणजे आधीच्या घरांना इंजिनिअर मिळाला नाही, आणि नंतरच्या गावांना माणसांना जाऊन विचारणारा पुरेसा मिळाला नाही.

ही फाळणी काही आपण केलेली नाही. इंग्रजांना कालवे आणि रस्ते काढायला माणसं हवी होती, म्हणून १८४७ ला रुरकी, १८५४ ला पुण्याचा इंजिनिअरिंग क्लास. आणि १८५७ ला मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्ट, तिथं चित्रकलेच्या शेजारी पुढं आर्किटेक्चर वाढलं. एक पीडब्ल्यूडीच्या ऑफिसात मोठा झाला, दुसरा स्टुडिओत. कामावर मात्र ज्यांनी खरं काही केलं ते एकत्रच बसले. ढाक्यात जन्मलेला इंजिनिअर फझलुर खान आणि आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम, यांनी शिकागोत १९६९ ला शंभर मजली हॅनकॉक उभी केली, भार नेणाऱ्या तिरप्या पट्ट्या बाहेरूनच दिसतात, त्यात कुणाचं काम कुठं संपलं हे सांगता येत नाही. आपल्याकडं दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स, १९७२, आर्किटेक्ट राज रेवाल, इंजिनिअर महेंद्र राज. अशी जाळीदार चौकट जगात लोखंडात करतात, आपल्याकडं पोलाद महाग आणि हात स्वस्त, म्हणून यांनी ती काँक्रीटमध्ये जागेवर ओतली. डेटा गृहीत धरला असता तर झालं नसतं ते. एप्रिल २०१७ मध्ये ती इमारत पाडली, त्यावर बोलायला लागलो तर लेख दुसरीकडंच जाईल.

तर आता मी काय करून राहिलो. ओपन इलेक्टिव्ह नावाची एक फट अभ्यासक्रमात आहे, तिच्यात एक छोटा कोर्स टाकायचा विचार आहे, सिव्हिलची काही पोरं, आर्किटेक्चरची काही, जमलं तर मेकॅनिकलची दोन-चार, आणि मे महिन्यात एक खरं घरकुल, ज्याचा पायवा अजून भरायचाय. जागेवर जाऊन माती, पाणी, वारा, कापूस, कट्टे, कूलर, भांडी घासायची जागा, सगळं मोजायचं. एकत्र डिझाईन, भिंतीवर टाचायचं, पुन्हा करायचं. भार काढल्याशिवाय शीट नाही आणि घरात एक दुपार बसल्याशिवाय भार नाही. दिवसा काम, रात्री झोप, हा नियम मी कागदावर लिहूनच घेणार आहे. भाचीनं तिच्या कॉलेजात विचारून बघते म्हटलंय, वर अटही घातली, "मामा, आम्हाला फक्त सुंदर शीट काढायला बसवायचं नाही हं."

आमच्या विभागात हे मांडलं तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला, क्रेडिट किती? म्हटलं दोन. दुसरा, इंटर्नल किती, एक्स्टर्नल किती? तिथं गाडी अडली, कारण एक्स्टर्नल सिव्हिलचा घ्यायचा की आर्किटेक्चरचा यावर अर्धा तास गेला. मी सुचवलं, जिचं घर आहे त्या बाईलाच घेऊ. हसले सगळे. पण मी गमतीत नव्हतो म्हटलं, आणि प्रस्तावात तसं लिहूनच दिलंय, बाह्य परीक्षक म्हणून लाभार्थी महिला, दर विद्यार्थ्यामागे विद्यापीठाच्या नियमाप्रमाणं मानधन, आणि त्या दिवशी तिची मजुरी बुडते ती वेगळी. अकाउंट सेक्शननं फाईल परत पाठवलीय, म्हणतात मानधनाच्या फॉर्ममध्ये शैक्षणिक पात्रतेचा रकाना रिकामा आहे, तो भरून द्या.